रोटाव्हेटरचा क्रॉस सारखा जातोय? दुकानात जाण्याआधी कोन मोजा

मागच्या भाद्रपदात ज्वारीच्या पेरणीआधीची मशागत चालू असताना माझ्या रोटाव्हेटरच्या (ट्रॅक्टरमागे टांगून फिरत्या पात्यांनी माती फोडणारं यंत्र) शाफ्टचे तीन क्रॉस, म्हणजे सांध्यातले अधिकच्या चिन्हासारखे तुकडे, पंधरा-सोळा दिवसांत गेले. तिसऱ्यांदा मोहोळच्या दुकानात गेलो तेव्हा काउंटरवरच्या चाचांनी चष्म्यावरून बघितलं. "किती क्रॉस नेतो बे? तू पण दुकान टाकणार हाईस का?"

तोवर माझं मत पक्कं होतं की हल्ली मालच हलका येतोय. पहिला क्रॉस साधा होता, दुसरा भारीतला घेतला, पण दोघांनी सारखेच दिवस काढले. तिसऱ्यावर मी आणखी भारीतला मागत होतो. चाचांनी विचारलं, जुना कुठाय? जुना मी बांधाला फेकून आलो होतो. "म्हणजे पेशंट घरी ठेवून औषध न्यायला आला," म्हणाले आणि नवा क्रॉस देण्याआधी मला बाकड्यावर बसवून अर्धा तास शिकवणी घेतली. खाली लिहितोय त्यातलं बरंचसं त्यांचं आहे. बाकीचं नंतर स्वतःच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या यंत्रावर फोन, गुण्या आणि दोरी घेऊन मोजलेलं आहे.

हे दुखणं फक्त क्रॉसच्या रूपाने येत नाही, म्हणून पटकन ओळखू येत नाही. कुणाच्या गिअरबॉक्सचं पुढचं ऑइल सील दर महिन्याला गळतं. कुणाच्या सीटखाली काम चालू असताना गुरगुर येते आणि रोटाव्हेटर उचलला की तिचा खडखडाट होतो. कुणाच्या मास्टचे (अवजाराच्या पुढच्या उभ्या सांगाड्याचे) नटबोल्ट कितीही आवळले तरी आठवड्यात ढिले होतात, तर कुणाच्या पीटीओचे (अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टचे) दाते झिजून धार आल्यासारखे दिसतात. प्रत्येक जण वेगळ्या मिस्त्रीकडे जातो आणि वेगळा पार्ट बदलून येतो. यातल्या पुष्कळ तक्रारींचं मूळ एकच निघतं. ट्रॅक्टरपासून अवजारापर्यंत जाणारा शाफ्ट चुकीच्या कोनात, नाहीतर चुकीच्या लांबीत फिरत असतो.

सांध्याची खोड

पीटीओचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका सरळ रेषेत सहसा नसतात. मधला शाफ्ट तिरका जातो आणि तो तिरकेपणा पचवायचं काम दोन टोकांच्या दोन क्रॉसकडे असतं. आयटीआय केलेल्यांना 'हूक्स जॉइंट' आठवत असेल. सूर्य न्याहाळायच्या उपकरणावर रॉबर्ट हुकने १६७६ साली जे लिहिलं, त्यात हा सांधा आहे. सूर्याकडे नळी वळवायच्या कामाचा सांधा आज आपल्याकडे काळ्या रानातली ढेकळं फोडतोय, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

या सांध्याची एक खोड आहे. तो तिरका असला की आत येणारी गती एकसारखी असली तरी बाहेर जाणारी एकसारखी राहत नाही. एका फेरीत ती दोनदा वाढते आणि दोनदा घटते. पीटीओ ५४० फेऱ्यांवर आहे आणि मध्ये एकच क्रॉस आहे असं धरा. १० अंशाच्या कोनात पुढची गती ५३२ ते ५४८ अशी हेलकावते. २० अंशांना तीच ५०७ ते ५७५ होते आणि ३० अंशांना ४६८ ते ६२४. कोन तिप्पट झाला तर हेलकावा नऊ-दहा पट वाढतो, हे नीट बघा. थोडा कोन वाढला म्हणून काय होतंय, असं म्हणायची इथे सोय नाही.

५४० फेऱ्या मिनिटाला म्हणजे सेकंदाला ९, आणि फेरीला दोन झटके म्हणजे सेकंदाला १८. एका बाजूला इंजिनचं फ्लायव्हील आहे, ते काही गती बदलू देत नाही. दुसऱ्या बाजूला चाळीसेक पात्यांचा जड रोटर ढेकळात अडकलेला, त्यालाही ऐकायचं नाही. या दोन हट्टी माणसांच्या मध्ये क्रॉसच्या टोकांवरच्या कपातल्या बेअरिंगच्या सुया दिवसभर मार खातात. त्या तुटल्या नाहीत तर बोल्ट ढिले होतात किंवा सील जातं.

मग सगळ्यांचेच क्रॉस का जात नाहीत? कारण दुसऱ्या टोकाचा क्रॉस पहिल्याची चूक उलटी करून फेडतो. मात्र त्यासाठी दोन्ही टोकांचे कोन सारखे लागतात आणि मधल्या शाफ्टवरच्या दोन्ही योकचे (क्रॉस धरणाऱ्या दुकानी चिमट्यांचे) कान एका ओळीत लागतात. टांगलेल्या अवजारावर कोन सारखे ठेवायचा सोपा मार्ग म्हणजे गिअरबॉक्सचा शाफ्ट पीटीओच्या शाफ्टला समांतर ठेवणं. उंची वेगळी असली तरी चालते, तोंडं मात्र समांतर हवीत.

ही समांतरता टॉप लिंकवर, म्हणजे अवजार ट्रॅक्टरला वरून जोडणाऱ्या आट्यांच्या दांडीवर ठरते. आणि आपण टॉप लिंक फिरवतो भलत्याच कारणासाठी.

जुना क्रॉस फेकू नका

चाचांचा पहिला धडा हाच होता. क्रॉस काढल्यावर कप उघडून, पुसून उजेडात धरा. निळसर झाक आणि जळका वास असेल तर ग्रीस पोचलेलं नाही. तांबूस भुकटी निघाली तर आत पाणी शिरलंय किंवा ग्रीस कधीच संपलंय. क्रॉसच्या दांड्यावर सुयांचे लांबीच्या दिशेने वळ उमटलेत, बोटाने चाचपले तर जाणवतात, तर तो झटक्यांचा मार आहे. अशा वेळी ग्रीसला दोष देऊ नका.

मग योक बघा. दोन योकचे कान आतल्या कोपऱ्यांत एकमेकांवर आपटल्याच्या चकाकत्या खुणा दिसल्या तर पुढे मोजायचीही गरज नाही. सांधा त्याच्या शेवटच्या हद्दीपलीकडे वाकलाय. हे बहुधा अवजार उचलणारी हायड्रोलिक लिफ्ट पूर्ण उचलताना पीटीओ चालू ठेवल्याने होतं.

कोणत्या टोकाचा क्रॉस जातो हेही लिहून ठेवा. माझे तिन्ही रोटाव्हेटरच्या बाजूचे गेले होते. मला तो योगायोग वाटला होता.

मोजायचं कसं

मोजमाप अंगणात, फरशीवर करू नका. तिथे यंत्र स्किडवर (बाजूच्या घसरपट्टीवर) किंवा पात्यांवर टेकलेलं असतं आणि कोन वेगळाच येतो. रानात जा, नेहमीच्या खोलीवर वीस-पंचवीस फूट चाला आणि ओळ अर्ध्यात असतानाच थांबा. लिफ्ट उचलू नका, पाती मातीतच राहू द्या. पीटीओ सोडवा, इंजिन बंद करा, किल्ली खिशात घाला. मोजणी होईस्तोवर ती किल्ली दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका, मग तो सख्खा भाऊ का असेना.

फोनमध्ये लेव्हल किंवा कोनमापीचं ॲप असतं. फोनचं कव्हर काढा, नाहीतर कव्हरच्या उंचवट्यामुळे दोन-तीन अंश फुकट चुकतात. तीन ठिकाणी मोजायचं: पीटीओचा शाफ्ट, मधली नळी आणि गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट. शाफ्टवर फोन टेकत नसेल तर त्याच्याभोवतीचा मशीन केलेला उभा चेहरा शाफ्टला काटकोनात असतो. त्यावर फोन उभा लावून ओळंब्यापासूनचा फरक घ्या. ॲप अधिक-वजा नीट दाखवत नाही, म्हणून प्रत्येक आकड्यासमोर उतार मागे खाली जातोय की मागे वर, हे लिहा. दोन भाग एकाच दिशेला झुकले असतील तर आकड्यांची वजाबाकी करायची, उलट दिशेला असतील तर बेरीज.

माझे आकडे असे आले. पीटीओ मागे खाली १ अंश, नळी मागे खाली ११, गिअरबॉक्स मागे वर ७. म्हणजे ट्रॅक्टरच्या बाजूच्या क्रॉसला ११ वजा १, दहा अंश. रोटाव्हेटरच्या बाजूच्या क्रॉसला ११ अधिक ७, अठरा अंश. मेलेले तिन्ही क्रॉस याच टोकाचे.

इथे मी एक चूक केली होती, ती तुम्ही करू नका. मी म्हटलं १८ आणि १० मध्ये फरक आठचाच, म्हणजे एका क्रॉसच्या ८ अंशांएवढाच त्रास. तो हिशोब तसा नाही. उरलेला त्रास काढायला दोन्ही कोनांचे वर्ग करायचे, वजा करायचे आणि वर्गमूळ घ्यायचं. ३२४ वजा १०० म्हणजे २२४, आणि त्याचं मूळ जवळपास १५. म्हणजे माझा रोटर एकाच क्रॉसवर १५ अंशांत चालवल्यासारखा, ५२२ ते ५५९ असा हेलकावत होता. कागदावर आकडा लहान दिसतो, पण सेकंदाला १८ वेळा आणि दिवसाचे आठ-दहा तास.

टॉप लिंक

गिअरबॉक्स मागून वर उचलला का गेला होता? कारण मी टॉप लिंक आखडून घेतली होती. पाऊस लांबला होता, रान कडक झालं होतं, पाती आत घुसेनात. टॉप लिंक दोन-चार आटे आत घेतली की यंत्र पुढे झुकतं आणि खोल गेल्यासारखं वाटतं. आमच्याकडे निम्मे ड्रायव्हर हेच करतात. रोटाव्हेटरची खोली टॉप लिंकवर ठेवायची नसते, ती बाजूच्या स्किडवर ठेवायची. स्किडचा बोल्ट गंजलेला असतो, पान्याला दाद देत नाही, टॉप लिंक मात्र हाताने फिरते, म्हणून आपण सोपं ते करतो. स्किडचे बोल्ट एकदा डिझेलमध्ये भिजवून सोडवा आणि ग्रीस लावून ठेवा. त्यात अर्धा दिवस गेला तरी तो वाया जात नाही.

स्किड हव्या त्या खोलीला लावा, पुन्हा वीस फूट चाला, थांबा, इंजिन बंद. आता गिअरबॉक्सचा उतार पीटीओच्या उताराएवढा आणि त्याच दिशेला येईपर्यंत टॉप लिंक फिरवा. एक-दोन अंशांचा फरक राहिला तर सोडून द्या. माझी टॉप लिंक बरीच सोडावी लागली. नळी १० वर आली, गिअरबॉक्स आणि पीटीओ दोन्ही १ वर, म्हणजे दोन्ही क्रॉस नऊ-नऊ अंशांत. मागचा पाटा (माती सपाट करणारी फळी) मग नव्याने लावावा लागतो, कारण यंत्राचा झोक बदललेला असतो. तो न लावता लोक म्हणतात, "कोन नीट केला पण रान नीट निघंना," आणि टॉप लिंक परत जागेवर नेतात.

उजव्या लिफ्ट रॉडची क्रँकही बघून घ्या. यंत्र डावी-उजवीकडे कललेलं असेल तर खोली दोन्ही कडांना वेगळी पडते आणि मग तीसुद्धा टॉप लिंकवरच भरून काढायचा मोह होतो. हायड्रोलिकचा लिव्हर पोझिशन कंट्रोलवर, म्हणजे ठरलेली उंची धरून ठेवणाऱ्या जागी ठेवा. ड्राफ्टवर राहिला तर रोटाव्हेटर कडक-मऊ जमिनीप्रमाणे वर-खाली नाचत राहतो आणि मोजलेला कोन मोजलेला राहत नाही.

कोन शून्यच केला तर सगळ्यात चांगलं, असं एका पाहुण्यांनी मला विचारलं होतं. तेही नको. शाफ्ट अगदी सरळ रेषेत फिरला तर कपातल्या सुया गोल फिरतच नाहीत, एकाच जागी दाबून राहतात आणि तिथेच खड्डा पाडतात. दोन-तीन अंश तरी हवेतच. रोज दहा-बारा अंशांत चालणारा शाफ्ट चांगला चालतो. पंधराच्या वर दिवसभर चालवायचा नाही, आणि वीस-पंचवीसवर फक्त क्षणभर, वळणापुरतं.

बांधाला वळताना

आता ज्यांचा ट्रॅक्टरच्या बाजूचा क्रॉस जातो त्यांच्यासाठी. टॉप लिंक खालच्या लिंकपेक्षा (अवजार खालून धरणाऱ्या दोन दांड्यांपेक्षा) आखूड असते, त्यामुळे अवजार वर उचललं की ते सरळ वर न जाता पुढे झुकत जातं. मी रोटाव्हेटर पूर्ण उचलून, खाली लाकडी ठोकळे देऊन, इंजिन बंद करून सपाट जागेवर मोजलं. नळी मागे वर २८ अंश, गिअरबॉक्स मागे वर ९, पीटीओ सपाट. म्हणजे ट्रॅक्टरच्या बाजूला २८ आणि रोटाव्हेटरच्या बाजूला १९. नेमका उलटा खेळ. दर ओळीच्या टोकाला पीटीओ चालू ठेवून लिफ्ट पूर्ण ओढणारा ड्रायव्हर एकरात किती वळणं घेतो ते मोजा, म्हणजे पुढचा क्रॉस का जातो ते कळेल.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही फुकट. पाती जमिनीच्या वर वीतभर निघाली की उचलणं थांबवा, त्याहून वर न्यायचं काही कारण नाही. पोझिशन लिव्हरच्या पट्टीवर सरकता स्टॉपर असतो, तो तिथे घट्ट करून ठेवा, म्हणजे ड्रायव्हर बदलला तरी उंची बदलत नाही. आणि रस्त्याला लागताना, बांध ओलांडताना पीटीओ बंद.

टॉप लिंकसाठी ट्रॅक्टरवर आणि मास्टवर दोन-तीन भोकं असतात. टॉप लिंक बाजूने बघितली तर खालच्या लिंकला जितकी समांतर दिसेल तितकं अवजार सरळ वर उचललं जातं. नांगरासाठी वेगळं भोक सोयीचं पडतं. नांगर काढून रोटाव्हेटर जोडला की भोक बदलायचं आपण विसरतो. मी दोन वर्षं विसरलो होतो.

छोट्या ट्रॅक्टरवाल्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. सांगोल्याकडे डाळिंबात आणि नान्नजकडे द्राक्षात जे मिनी ट्रॅक्टर फिरतात, त्यांचा शाफ्टच आखूड असतो. दोन सांध्यांत ९० सेंटिमीटरचं आडवं अंतर असेल आणि उंचीत १५ सेंटिमीटरचा फरक, तर कोन साडेनऊ अंशांच्या आसपास येतो. तोच फरक ६० सेंटिमीटरच्या अंतरात १४ अंश होतो. मोठ्या ट्रॅक्टरला चालून जाणारी ढिलाई मिनी ट्रॅक्टरला चालत नाही.

सील गळतंय? लांबी बघा

माझ्या चुलत्यांच्या रोटाव्हेटरचं पुढचं सील एका हंगामात तीनदा बदललं. मिस्त्री सील नीट बसवत नाही म्हणून तात्यांनी मिस्त्री बदलला. रोटाव्हेटर घेतला होता जुन्या ट्रॅक्टरबरोबर, मग ट्रॅक्टर बदलला, शाफ्ट तोच राहिला. नव्या ट्रॅक्टरच्या पीटीओचं टोक खालच्या लिंकच्या बॉलपासून कमी अंतरावर होतं. शाफ्टच्या दोन्ही नळ्या एकमेकींत पूर्ण घुसून तळाला टेकत होत्या आणि पुढचा सगळा दाब पहारीसारखा एका बाजूला गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगवर. सील बिचारं काय करणार?

शाफ्ट सगळ्यात आखूड होतो तो यंत्र पूर्ण खाली असताना नाही आणि पूर्ण वर असतानाही नाही. पीटीओ आणि गिअरबॉक्स साधारण एका उंचीला येतात तेव्हा होतो. म्हणून खाली टेकवून बघितलं आणि ठीक वाटलं, असं होतं. शाफ्टचे दोन भाग वेगळे करा, एक पीटीओवर, एक गिअरबॉक्सवर लावा, यंत्र त्या मधल्या उंचीला ठोकळ्यांवर ठेवा आणि दोन्ही भाग शेजारी-शेजारी धरा. नळीचं टोक समोरच्या तळापासून निदान इंचभर लांब राहायला हवं. राहत नसेल तर कापा. बाहेरची नळी जेवढी कापाल तेवढीच आतली, आणि वरचे प्लास्टिकचे गार्डही तेवढेच. कापल्यावर कानस मारून कड साफ करा, बुरादा पुसा, ग्रीस लावून जोडा.

कापताना हात आखडता ठेवा. यंत्र सगळ्यात खाली असताना, म्हणजे शाफ्ट लांबात लांब असताना, नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश लांबीपर्यंत शिरलेल्या हव्यात. कमी शिरल्या तर त्या वाकतात, आणि एखाद्या दिवशी चालू कामात सुटतात. सुटलेला शाफ्ट पीटीओवर गरगरा फिरताना मी एकदा पाहिलाय. तेव्हा मागे कुणी उभं नव्हतं, एवढंच.

कान एका ओळीत आहेत का

हे बघायला एक मिनिट लागतं. मधल्या नळीवर पक्के बसवलेले दोन योक बघा. एकाचे कान उभे असतील तर दुसऱ्याचेही उभे हवेत. लिंबाच्या आकाराची नळी दोनच तऱ्हेने जुळते आणि दोन्ही बरोबर असतात. तीन पाकळ्यांची नळी आणि चौकोनी दांडा मात्र चुकीच्या घरातही मुकाट्याने बसतो. ग्रीस लावायला शाफ्ट काढला, पुसला, परत सारला, आणि झालं. गावात वेल्डिंगवाल्याकडून योक नव्याने जोडून आणलेला असेल तर आधी हेच तपासा.

कान नव्वद अंशांनी चुकले तर दुसरा क्रॉस पहिल्याची चूक फेडत नाही, तीत भर घालतो. दोन्ही सांधे २० अंशांत असतील तर गती ४७७ ते ६१२ अशी धावते. टॉप लिंक कितीही नीट लावा, हा खडखडाट जात नाही. दोन्ही नळ्यांवर तेलरंगाची एक सरळ रेघ मारून ठेवा, पुढच्या वेळी डोळे झाकून जुळेल.

आडवा कोन आणि ओढायचा ब्लोअर

फळबागेत खोडाजवळ जाण्यासाठी रोटाव्हेटर एका बाजूला सरकवून जोडतात. मग शाफ्ट खाली जातो तसा आडवाही जातो. उभे १२ अंश आणि आडवे १२ अंश मिळून खरा कोन १७ च्या आसपास होतो. फोन फक्त उभा भाग दाखवतो, त्यामुळे आकडा बरा दिसतो आणि क्रॉस तरी जातो. आडवा कोन बघायला शाफ्टच्या वर दोरी ताणा, ओळंबा सोडा, गुण्या लावा. बाजूच्या चेन ढिल्या असतील तर यंत्र वळणावर झोके खातं, तेव्हा त्याही आवळा.

चाकांवर ओढायच्या फवारणीच्या ब्लोअरचं गणित निराळं. तिथे गिअरबॉक्स समांतर ठेवून भागत नाही, कारण वळताना ब्लोअर ट्रॅक्टरशी आडवा होतो. जोडपिन दोन सांध्यांच्या बरोबर मध्यावर आली तर दोन्ही कोन सारखे वाढतात आणि एकमेकांना फेडतात. ड्रॉबार (ओढायची दांडी) पुढे-मागे करून हे जमवता येतं. तरीही ओळीच्या टोकाला वळताना पीटीओ बंद करावा. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी वाइड अँगल शाफ्ट असतो, त्यात ट्रॅक्टरच्या बाजूला जोडसांधा असतो आणि तो आपली गती स्वतःच सावरतो. तो महाग आणि जड असतो. आणि तो लावला तर दुसऱ्या टोकाचा साधा क्रॉस जवळपास सरळ ठेवावा लागतो, कारण आता त्याची चूक फेडायला समोर कुणी नसतं. टांगलेल्या रोटाव्हेटरला यावर पैसे घालू नका.

ग्रीसचं थोडक्यात. दर आठ तासांनी, चारही कपांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. तीन कपांतून आलं आणि चौथ्यातून नाही, तर चौथाच आधी जाणार. तो कप थोडा ढिला करून पुन्हा पंप मारा. नळीच्या आतही ग्रीस लागतं, ते सगळे विसरतात.

आणि गार्ड. कोन तपासायला सोपं जावं म्हणून गार्ड काढून टाकलेले शाफ्ट मी गावोगाव बघतो. योकचा घेर साधारण एक फूट धरा. सेकंदाला ९ फेऱ्या म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर कापड गुंडाळलं जातं. खांद्यावरचा दीड मीटरचा टॉवेल अर्ध्या सेकंदात संपतो, त्यानंतर खांदा. तुटका गार्ड बदलून घ्या, आणि मोजताना काढला असेल तर इंजिन सुरू करण्याआधी बसवा.

माझ्या यंत्राला चौथा क्रॉस लागला नाही. ज्वारीची पेरणी उरकली, खोडव्याच्या पाचटातही फिरवला, तरी तो आवाज न करता चाललाय. टॉप लिंकच्या आट्यांवर पांढऱ्या तेलरंगाने खूण करून ठेवलीय. रोटाव्हेटर कुणी मागून नेला की परत येताना ती खूण हमखास दोन आटे आत गेलेली असते. मी काही बोलत नाही, यंत्र दारात उभं राहिलं की आधी पान्याने ती जागेवर आणतो, मग चहा विचारतो.